नऊ ग्रॅम मीठ

कुपवाडच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणारा माणूस दोन दिवस तापाने फणफणला, जेवण जाईना झालं, की घरातलं वडीलधारं माणूस डॉक्टरांकडे एकच मागणं घालतं : "एखादं सलाईन लावा की, जरा अंगात ताकद येईल." डॉक्टर कधी समजावून सांगतात, कधी गर्दीच्या वेळी वाद नको म्हणून लावून टाकतात. स्टँडला टांगलेली बाटली थेंबाथेंबाने रिकामी होते. तासाभराने रुग्ण उठून बसतो, चहा मागतो, आणि सलाईनवरचा घराचा विश्वास आणखी पक्का होतो.

त्या बाटलीत असतं काय? नर्स जिला 'एनएस', म्हणजे नॉर्मल सलाईन म्हणतात त्या अर्ध्या लिटरच्या साध्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. अगदी निर्जंतुक, पण मीठ आणि पाणीच. ताकद म्हणाल तर शून्य कॅलरी. साखरेची बाटली लावली तरी अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम एका केळ्याची ताकद. तापात आणि घामात गेलेलं पाणी भरून निघतं म्हणून तरतरी येते, एवढंच.

पण बाटलीवरचं लेबल नीट वाचा. सोडियम क्लोराइड ०.९ टक्के. लिटरला नऊ ग्रॅम. दहा का नाहीत? पाच का नाहीत? आणि पाणीच भरून काढायचं होतं तर नुसतं शुद्ध पाणी का नाही? मीठ घालण्याची ही उठाठेव कुणासाठी? हा नऊचा आकडा ना औषध कंपनीने ठरवला, ना डॉक्टरांनी. तो तांबड्या रक्तपेशीचा हट्ट आहे. आपण फक्त तो ऐकून घेतला, आणि तोही बऱ्याच उशिरा.

एक थेंब रक्त आणि तीन काचनळ्या एवढ्यावर हा हट्ट डोळ्यांनी पाहता येतो. पहिल्या नळीत शुद्ध, ऊर्ध्वपातित पाणी. दुसरीत ०.९ टक्के मिठाचं पाणी. तिसरीत तीन टक्के, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या जवळपास जाणारं. तिन्हींत एकेक थेंब रक्त सोडायचं आणि नळ्या हलक्या हाताने उलटसुलट करायच्या.

दुसऱ्या नळीत थेंब धुरासारखा वळत खाली उतरतो आणि हलवल्यावर सगळं पाणी गढूळ लाल होतं. नळीमागे वर्तमानपत्र धरलं तर मथळासुद्धा वाचता येत नाही. तिसरीतही तसंच. पहिल्या नळीत मात्र मजा होते. सुरुवातीला तीही गढूळच असते. मग काही सेकंदांत तो गढूळपणा आपोआप विरतो आणि नळीत कोकम सरबत भरून ठेवल्यासारखं लालभडक पण नितळ पाणी दिसू लागतं. मागे धरलेल्या वर्तमानपत्रातली बारीक अक्षरंही आता आरपार वाचता येतात.

लाल रंग तिन्हींत सारखाच आहे. फरक आहे तो गढूळपणाचा. गढूळपणा येतो पेशींमुळे. एका घन मिलिमीटर रक्तात त्या सुमारे पन्नास लाख असतात, त्यामुळे एका थेंबात पंचवीस कोटींच्या आसपास भरतात. एवढ्या पेशी पाण्यात तरंगू लागल्या की प्रकाश त्यांच्यावर आपटून इतस्ततः पसरतो, जसा तो धुक्यात पसरतो. पहिल्या नळीत धुकं निवळलं, याचा अर्थ पेशी उरल्याच नाहीत. त्या फुटल्या, त्यांच्यातलं हिमोग्लोबिन बाहेर पडून पाण्यात विरघळलं आणि मागे राहिलं ते रंगीत पाणी. लॅबमधले लोक याला 'सॅम्पल हिमोलाइज झालं' म्हणतात आणि अशा वेळी रुग्णाला पुन्हा सुई टोचून घ्यायला बोलावतात.

कॉलेजात मी स्वतः हा घोटाळा करून बसलो आहे. रक्तगट काढायचं प्रात्यक्षिक होतं. पेशी मिठाच्या पाण्यात कालवून घ्यायच्या होत्या. मी शेजारची बाटली उचलली, ती ऊर्ध्वपातित पाण्याची. दोन्ही खुणांवर गुठळी दिसेना, म्हणून मी आत्मविश्वासाने वहीत 'ओ' लिहिलं. सरांनी नळी खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "ओ कुठला आलाय! गुठळी व्हायला तुझ्या पेशी शिल्लक तरी हव्यात ना." त्या दिवसापासून प्रयोगशाळेतली रंगहीन द्रवाची बाटली मी लेबल दोनदा वाचल्याशिवाय उचलत नाही.

आता सूक्ष्मदर्शकाखाली बघू. ०.९ टक्के पाण्यातली पेशी म्हणजे मधे अंगठा दाबलेला पेढा, फक्त खड्डा दोन्ही बाजूंनी. व्यास सात-आठ मायक्रॉन, कडेला जाडी अडीच मायक्रॉनच्या आसपास, मध्यभागी जेमतेम एक. काचेच्या एका कडेला तीव्र मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवून दुसऱ्या कडेला टिपकागद लावला, की ते पाणी काचेखालून ओढलं जातं आणि नजरेसमोर पेशींची अंगं आकसतात. कडेला काटे फुटतात. धोत्र्याचं फळ दिसतं तशी पेशी दिसू लागते. हेच शुद्ध पाण्याने केलं, तर पेढा फुगून त्याची लाडवासारखी गोळी होते, क्षणभर तशी राहते आणि मग दिसेनाशी होते. खरं तर ती तिथेच असते. आतलं हिमोग्लोबिन निघून गेल्यामुळे पोकळ, फिकट कातडी तेवढी उरते. शास्त्रज्ञ तिला चक्क 'घोस्ट', म्हणजे भूत म्हणतात आणि प्रयोगशाळांमध्ये अशी भुतं मुद्दाम तयार करून अभ्यासली जातात.

शाळेच्या पुस्तकात या सगळ्याला परासरण म्हटलेलं आहे. समपरासारी, अवपरासारी, अतिपरासारी हे तीन शब्द आपण आठवीत पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरलो. शब्द अवघड आहेत, गोष्ट अवघड नाही. पेशीच्या कातडीतून पाणी सहज ये-जा करतं, मिठाला मात्र ती दाद देत नाही. कातडीच्या दोन्ही बाजूंनी पाण्याचे रेणू सतत धडका मारत असतात. एका बाजूला नुसतं पाणी असेल तर तिकडची प्रत्येक धडक पाण्याची. दुसऱ्या बाजूला पाण्यात मीठ मिसळलेलं असेल तर तिकडे पाण्याच्या रेणूंना तेवढा वाव कमी. परिणामी शुद्ध पाण्याकडून खाऱ्या पाण्याकडे जास्त रेणू जातात, उलट दिशेने कमी. 'पाणी मिठाकडे धावतं' असं आपण सोयीसाठी म्हणतो. ते कामापुरतं बरोबर आहे.

इथे वजनाला किंमत नाही, संख्येला आहे. नऊ ग्रॅम मीठ पाण्यात पडलं की त्याच्या प्रत्येक जोडीतले सोडियम आणि क्लोराइड सुटे होतात, म्हणजे एकाचे दोन कण. ग्लुकोजचा रेणू तिपटीहून जड आणि तो पाण्यात फुटतही नाही. म्हणून तेवढीच कणसंख्या गाठायला लिटरला सुमारे ५० ग्रॅम ग्लुकोज लागतं. सलाईनच्या एका बाटलीवर ०.९ आणि साखरेच्या बाटलीवर ५ टक्के का, याचं कोडं एवढ्यावर सुटतं.

या ओढीचा जोर किती असावा? पेशीच्या आतल्या कणांची संख्या आणि बाहेर शुद्ध पाणी, असं गणित मांडलं तर दाब येतो सुमारे सात वातावरणांचा. मोटारीच्या टायरमध्ये हवा साधारण दोन वातावरणांच्या दाबाची असते. सत्तर मीटर उंचीच्या भरलेल्या टाकीच्या तळाशी पाणी जेवढं रेटतं तेवढा हा रेटा, आणि समोर मायक्रॉनच्या शंभराव्या भागाएवढ्या जाडीचं पटल. झाडाच्या पेशीला बाहेरून सेल्युलोजची भिंत असते, ती हा दाब सोसते. रक्तपेशीला भिंत नाही.

मग ती पाण्याचा पहिला रेणू आत शिरताच का फुटत नाही? इथे तो पेढ्याचा आकार कामी येतो. पेशीचं आकारमान सुमारे ९० घन मायक्रॉन आणि कातडीचं क्षेत्रफळ सुमारे १४० चौरस मायक्रॉन. एवढ्या कातडीचा पूर्ण गोल चेंडू शिवला तर त्यात १५५ घन मायक्रॉन माल मावला असता. म्हणजे आपली पेशी अर्धवट भरलेलं पोतं आहे. पाणी आत शिरू लागलं की आधी पोतं भरतं, खड्डा बुजतो, चेंडू होतो. तोवर कातडीवर ताण येत नाही. पण एकदा चेंडू झाला की संपलं, कारण ही कातडी रबराच्या फुग्यासारखी ताणत नाही. क्षेत्रफळ तीन-चार टक्के वाढलं की ती उसवते.

हा हिशेब कागदावर पुढे नेता येतो, आणि मला स्वतःला या विषयातला हा भाग सर्वांत आवडतो. पेशीतली साधारण ४० टक्के जागा हिमोग्लोबिन वगैरे घन मालाने अडवलेली, उरलेल्या ६० टक्क्यांत पाणी. बाहेरचं मीठ निम्म्यावर, ०.४५ टक्क्यांवर आणलं, तर आतल्या पाण्याला दुप्पट व्हावं लागतं. नव्वदचे झाले १४४. चेंडू व्हायला अजून थोडी जागा आहे. मीठ ०.४० वर आणलं की आकडा जातो १५७ वर. पोतं काठोकाठ. प्रत्यक्ष लॅबमध्ये निरोगी माणसाच्या पेशी ०.४५ टक्क्यांच्या आसपास फुटू लागतात आणि ०.३० पर्यंत जवळजवळ सगळ्या फुटून जातात. शाळकरी भूमितीने एवढं अचूक उत्तर द्यावं असे प्रसंग जीवशास्त्रात फार येत नाहीत.

पाणी पेशीत इतक्या झटकन शिरतं कसं, हा प्रश्न मात्र बराच काळ लोंबकळत होता. कातडी तेलकट द्रव्याची, तिच्यातून पाणी झिरपेल, पण इतक्या वेगाने नाही. उत्तर अपघाताने सापडलं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर ॲग्रे हे आर-एच रक्तगटाच्या प्रथिनाच्या मागे होते. त्यात त्यांच्या नमुन्यात १९८८ च्या सुमारास एक आगंतुक प्रथिन सारखं दिसू लागलं, तेही रक्तपेशीत भरपूर. ते काय करतं हे कळायला त्यांनी त्या प्रथिनाची कृती बेडकाच्या अंड्यात टोचली. बेडकाचं अंडं तळ्यात पडून राहतं, पाण्याला ते सहसा दाद देत नाही. पण ही टोचलेली अंडी शुद्ध पाण्यात टाकली तेव्हा ती फुगत गेली आणि काही मिनिटांत फुटली. शेजारची न टोचलेली अंडी होती तशीच. पाण्याची खास मोरी सापडली होती. तिचं नाव ॲक्वापोरिन. या मोरीतून दर सेकंदाला तीनेक अब्ज पाण्याचे रेणू जातात आणि सोडियमचा एकही जात नाही. २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये ॲग्रे यांचा वाटा होता तो या कामासाठी.

मोऱ्यांचा शोध अलीकडचा असला तरी आकड्याचा शोध जुना आहे. १७४८ मध्ये फ्रान्समध्ये नोले यांनी मद्याच्या भांड्याच्या तोंडाला डुकराचा फुगा, म्हणजे मूत्राशय बांधलं आणि ते पाण्यात बुडवलं. फुगा तट्ट फुगला. पुढे द्युत्रोशे यांनी या क्रियेला नाव दिलं, आणि १८७७ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फेफर यांनी तिचा दाब मोजला. गंमत अशी, की यातला बराच अभ्यास रक्तावर झालेला नाही, झाडांवर झालेला आहे. १८८० च्या दशकात हॉलंडमधले वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्हरीस निरनिराळ्या क्षारांच्या पाण्यात झाडांच्या पेशी ठेवत होते आणि कुठल्या तीव्रतेला त्यांचा आतला जीवरस भिंतीपासून सुटतो ते टिपत होते. त्यांचे आकडे पाहून व्हांट हॉफ यांनी परासरणाचं गणित बसवलं. १९०१ मध्ये रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्यांनाच मिळालं. आणि त्याच देशातल्या हार्टोख हॅम्बुर्खर या शरीरशास्त्रज्ञाने विचार केला : झाडाच्या पेशीला हे लागू आहे, तर रक्ताच्या पेशीला का नसावं? तोवर प्रयोगशाळांत ०.६ टक्के मिठाचं पाणी वापरलं जाई. ते बेडकाच्या रक्ताला मानवतं. माणसाच्या पेशींना त्याहून जास्त मीठ हवं, ०.९ च्या आसपास, हे हॅम्बुर्खर यांनी दाखवून दिलं.

मग हे 'नॉर्मल सलाईन' नाव कुठून आलं कोण जाणे, पण ते फसवं आहे. रसायनशास्त्रात 'नॉर्मल' म्हणजे लिटरला साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ. तसं पाणी कुणाला लावलं तर तो दगावेल. आणि रक्ताशी तुलना केली तरी ते नॉर्मल नाही. रक्तद्रवात लिटरला सोडियम १४० आणि क्लोराइड १०० मिलीमोलच्या आसपास, तर बाटलीत दोन्ही १५४. एकूण कणसंख्या जुळते म्हणून पेशी खूश, पण क्लोराइडचा भार मूत्रपिंडाला उपसावा लागतो. त्यामुळे भरपूर पाणी चढवायचं असेल तेव्हा डॉक्टर पुष्कळदा क्लोराइड कमी असलेल्या 'आरएल'ची (रिंगर लॅक्टेट) बाटली मागवतात.

कुपवाडकराला हे झाडांवरून रक्ताकडे जाणं नवं वाटू नये. कुपवाडहून नदीच्या अंगाला, कृष्णा-वारणेच्या काठच्या काळ्या रानांकडे गेलात की उसाच्या हिरव्या पट्ट्यात मधेच पांढरे डाग दिसतात. रान पांढरं पडलेलं, वर मीठ फुटलेलं, कडेला पाणी साचलेलं, आणि त्या ओलीत उभा असलेला ऊस सुकलेला. क्षारपड. वर्षानुवर्षं पाटाने आणि उपसा योजनांनी पाणी पाजलं, निचरा झाला नाही, खालचे क्षार पाण्याबरोबर वर आले आणि पाणी उडून गेल्यावर मागे राहिले. परक्या माणसाला वाटतं, पाण्यात उभं पीक तहानेने कसं मरेल? पण मुळाच्या पेशीने काय करावं? बाहेरच्या पाण्यात आतल्यापेक्षा जास्त क्षार झाले की पाणी मुळात शिरायला नाखूश असतं. जमिनीच्या ओलाव्याची विद्युतवाहकता चारच्या वर गेली की ती क्षारयुक्त मानतात. ऊस तर पावणेदोनच्या आसपासच कुरकुरायला लागतो. सूक्ष्मदर्शकाखालची काटेरी पेशी आणि पाण्यात वाळणारा ऊस एकाच हिशेबात बसतात. म्हणून क्षारपड रानात नुसतं आणखी पाणी सोडून भागत नाही. क्षार धुऊन खाली नेऊन सच्छिद्र पाइपांतून बाहेर काढून द्यावे लागतात.

द्राक्षबागायतदाराला उलटी बाजू माहीत आहे. मणी साखरेने भरलेला, काढणी तोंडावर आलेली, आणि अवकाळी पाऊस. मण्याच्या सालीवर पाणी बसून राहिलं की ते आतल्या साखरेच्या ओढीने सालीतून शिरतं आणि सकाळी बागेत मणी तडकलेले असतात. मण्याकडे पेशीसारखी फालतू कातडी नाही, तो आधीपासूनच भरलेलं पोतं आहे. बेदाण्याचं उदाहरण मात्र मी जपून वापरतो. आकसलेली पेशी दिसते बेदाण्यासारखी, पण तासगाव-सांगलीकडचा बेदाणा मिठाने आकसत नाही. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून मण्याच्या सालीवरचं मेण सैल केलं जातं आणि मग शेडमधल्या जाळ्यांवर वारा पाणी घेऊन जातो. तोच बेदाणा रात्रभर पाण्यात भिजत घातला तर सकाळी टपोरा होतो. ते मात्र अस्सल परासरण.

असाच एक गैरसमज बोटांचा. कपडे धुऊन झाल्यावर बोटांना सुरकुत्या पडतात, त्या पाणी आत शिरल्याने असं कित्येक पुस्तकांत सापडेल. पण बोटाची नस तुटलेली असली तर ते बोट कितीही भिजवा, सुरकुतत नाही. ते नसांचं काम आहे. रक्ताचे डाग थंड पाण्याने धुवायचे हा आज्यांचा नियम मात्र आपल्या विषयातला : साध्या पाण्याने पेशी फुटतात, हिमोग्लोबिन वाहून जातं. कढत पाणी घातलं की तेच प्रथिन कापडावर शिजून घट्ट बसतं.

पेशी किती मिठाला फुटते हे कळलं, की ती कधी फुटत नाही यालाही अर्थ येतो. भारतात थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची प्राथमिक तपासणी यावर बेतलेली आहे आणि ती इतकी साधी आहे की तिला सूक्ष्मदर्शकही लागत नाही. नळीत दोन मिलिलिटर ०.३६ टक्के मिठाचं पाणी घ्यायचं, त्यात वीस मायक्रोलिटर रक्त सोडायचं आणि अर्धा तास थांबायचं. मग नळीमागे पांढऱ्या कागदावर ओढलेली काळी रेघ धरायची. रेघ स्वच्छ दिसली तर पेशी फुटल्या, म्हणजे सारं ठीक. रेघ पुसट दिसली किंवा दिसलीच नाही, तर पेशी एवढ्या कमी मिठातही तग धरून आहेत. थॅलेसेमियाच्या वाहकाच्या पेशी लहान आणि कमी भरलेल्या असतात. कातडी तेवढीच, माल कमी, त्यामुळे फुगायला वाव जास्त. लोह कमी असलेल्या माणसाच्या पेशीही अशाच वागतात, म्हणून पुसट रेघेवर निकाल देत नाहीत. पुढची हिमोग्लोबिनची तपासणी करावीच लागते. याच्या उलट, काही कुटुंबांत जन्मतःच पेशी चेंडूसारख्या गोल असतात. त्यांच्याकडे शिल्लक कातडीच नाही, त्यामुळे त्या निरोगी पेशींच्या कितीतरी आधी फुटतात. आपल्या देशात शंभरात तीन-चार माणसं थॅलेसेमियाची वाहक आहेत आणि बहुतेकांना ते माहीतही नसतं. वाहकाला स्वतःला काही त्रास नसतो. नवरा-बायको दोघंही वाहक निघाले तर मूल आजारी जन्मण्याची शक्यता दर खेपेला चारात एक.

कणसंख्या जुळली की पेशी सुरक्षित, या नियमाला एक खोच आहे. ती दाखवायला आपल्या रानातल्या गोणीतला युरिया उत्तम. शुद्ध युरियाचं १.८ टक्के पाणी केलं तर कणसंख्या ०.९ टक्के मिठाएवढीच भरते. त्यात रक्ताचा थेंब सोडला की पेशी शुद्ध पाण्यात सोडल्यासारख्या भराभर फुटतात. कारण युरियाला ही कातडी अडवत नाही. तो आत घुसतो आणि पाण्यालाही मागोमाग घेऊन येतो. थोडक्यात, जे बाहेरच राहतं तेच पाण्याला बाहेर धरून ठेवतं.

हीच गोष्ट साखरेच्या बाटलीची. ती शिरेत जाताना समपरासारी असते, पण ग्लुकोज पेशी खाऊन टाकतात आणि मागे राहतं ते नुसतं पाणी. म्हणूनच रक्त चढवताना त्याच नळीतून साखरेची बाटली सोडत नाहीत, सोडलीच तर एनएस. आणि पावडरीची इंजेक्शनं विरघळवायला जे निर्जंतुक पाणी मिळतं, ते तसंच्या तसं शिरेत भरपूर जाऊ देणं म्हणजे रक्ताच्या नळीतच आपली पहिली काचनळी करणं.

मिठाचं पाणी रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचलं ते मात्र या आकड्याच्याही आधी, पटकीमुळे. १८३१-३२ च्या साथीत ओ'शॉनेसी या तरुण आयरिश डॉक्टरने रुग्णांचं रक्त तपासून त्यातलं पाणी आणि क्षार गेल्याचं दाखवलं. हेच गृहस्थ पुढे कलकत्त्यात आले आणि हिंदुस्थानात तारायंत्राचं जाळं त्यांच्याच हाताखाली उभं राहिलं. त्यांचं वाचून स्कॉटलंडच्या टॉमस लॅटा यांनी मरणपंथाला लागलेल्या रुग्णांच्या शिरेत क्षारांचं पाणी सोडलं. काही उठून बसले. आपल्या भागात आधुनिक इस्पितळ आलं ते १८९४ मध्ये, विल्यम वानलेस या कॅनडातून आलेल्या मिशनरी डॉक्टरांनी मिरजेत उभारलेलं. त्यांच्या नावाची वानलेसवाडी सांगली-मिरज रस्त्यावर आजही आहे. १९६२ मध्ये मिरजेला सरकारी मेडिकल कॉलेज झालं, १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली. पंचक्रोशीतला, कर्नाटकातलासुद्धा रुग्ण 'मिरजेला नेला' हा वाक्प्रचार त्याच्या कितीतरी आधीचा.

मिठाचं प्रमाण चुकलं की तांबड्या पेशीच्याही आधी मेंदू तक्रार करतो. रक्तातला सोडियम फार उतरला तर मेंदूच्या पेशी पाणी पिऊन फुगतात. कवटीत जागा नसते. माणूस बरळतो, झटके येतात. अशा वेळी अतिदक्षता विभागात ३ टक्के मिठाचं पाणी देतात, तेही मोजून-मापून, हळूहळू. कारण घाईने दुरुस्ती केली तर मेंदूला दुसरीच इजा होते. मिठाची कमतरता मीठ ओतून भरून निघते असं समजणाऱ्यांनी घरी हा उद्योग करू नये.

घरी करता येण्यासारखी गोष्ट एकच, आणि ती बहुतेक घरांत चुकीची होते. जुलाब लागले की ओआरएसची पुडी आणली जाते. त्या मोठ्या पुडीत २०.५ ग्रॅम पावडर असते : २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम सायट्रेट. ती पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळली, तर रक्तापेक्षा थोडं पातळ द्रावण होतं आणि आतडी पाणी आत ओढून घेतात. पण 'पोराला एवढं कुठं जातंय' म्हणून तीच पुडी पेल्यात कालवली, तर द्रावण पाचपट घट्ट होतं आणि तेच आतडी पाणी बाहेर सोडू लागतात. जुलाब वाढतात, बाळाच्या रक्तात मीठ चढतं आणि दोष पुडीला जातो.

दुकानात २०० मिलिलिटरची छोटी पुडीही मिळते. तेव्हा आधी पुडीवर किती पाण्याची आहे ते वाचा, मग लिटरच्या रिकाम्या बाटलीने उकळून गार केलेलं पाणी तेवढंच मोजून घ्या, आणि पुडी अर्धी-पाव न करता सगळी एकदम टाका. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या.